एकभाषेचं कुलूप

"आपण मुखलेप करून घेणार, की केवळ भुवया कोरून घेणार?"

हे वाक्य माझ्या गळ्यातल्या स्पीकरमधून बाहेर पडलं, तेव्हा पार्लरच्या खुर्चीत बसलेली हारग्यांची सून आधी माझ्याकडे आणि मग दाराकडे बघायला लागली. आपण चुकून भलत्याच ठिकाणी आलो की काय, असं तिला वाटलं असणार. मी विचारलं होतं एवढंच, की बाई, फेशियल करायचंय, का नुसतं थ्रेडिंग? पार्लर काढल्यापासून रोज हेच विचारत आलेय.

मनमाया पुढे झाली. "फेशियल पण, थ्रेडिंग पण?" तिनं विचारलं.

"नाही, फक्त आयब्रो," सून म्हणाली आणि हसत सुटली. मनमायाही हसली. मीही हसले असते, पण माझा चेहरा तेव्हा एकाच बाजूनं हलायचा, आणि तसलं हसू बघून गिऱ्हाईक घाबरतं.

मी मेघना आवटी. मिरजेत घराच्या पुढच्या खोलीत माझं पार्लर आणि मागच्या खोल्यांत आमचा संसार. आमचा म्हणजे माझा आणि आवटी सरांचा. सर हायस्कुलात मराठी शिकवायचे. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, म्हणून लोकांशी बोलताना मीही सरच म्हणते. घरात 'अहो'.

सरांचं इंग्रजीशी भांडण नव्हतं. जाडजाड इंग्रजी पुस्तकं ते वाचतात. त्यांचं भांडण माझ्याशी होतं. "इंग्रजी बोलायचं तर इंग्रजी बोल, मराठी बोलायचं तर मराठी. ही भेळ कशाला?" असं ते म्हणायचे. मी म्हणायचे, मला भेळ आवडते. जेवताना मी "अहो, तो ग्लास पास करा" म्हटलं की ग्लास त्यांच्या हातातच राहायचा. मी "पेला द्या, सरकार" म्हणेपर्यंत सुटका नाही. मग मी विचारायचे, टेबलाला काय म्हणू? ते म्हणायचे, मेज.

"मेज तर फारसी ना?"

"ते आता आपलं झालं."

"मग टेबल कधी होणार आपलं? तारीख सांगा, तोवर थांबते."

यावर ते हसायचे आणि ग्लास पुढे करायचे. लोकांच्या घरात नवरा-बायको पत्ते खेळतात, आम्ही हे खेळायचो. आमच्या लग्नात गोड बोलणं असं फारसं कधी झालंच नाही. हे भांडण हेच आमचं गोड बोलणं होतं, आणि मला ते फार प्रिय होतं.

मनमाया माझ्याकडे कामाला आली तेव्हा तिला मराठी येत नव्हती आणि मला नेपाळी. हिंदी दोघींचीही लंगडी. तिचा नवरा सांगली रोडच्या एका हॉटेलात कुक होता. पण तिनं काठमांडूत पार्लरचा कोर्स केला होता, आणि पार्लरचे शब्द काठमांडूत काय, मिरजेत काय, तेच. "दिदी, ब्लीच?" "हां, पण स्किन सेन्सिटिव्ह आहे, टाइम कमी." एवढ्यावर आमचा पहिला महिना निघाला. एखादं गिऱ्हाईक कटकट करून गेलं की ती मला म्हणायची, "टेन्सन नलिनुस्, दिदी." तिच्या त्या वाक्यातला पहिला शब्द तिचा नव्हता आणि त्याचं मराठी करताना मी वापरायचे तोही माझा नव्हता, पण त्या एका शब्दावर आम्ही दोघी पाय ठेवून उभ्या होतो. पुढे ती मराठी शिकली, मी थोडं नेपाळी शिकले, आणि दोन्हीत ही इंग्रजी फोडणी तशीच राहिली.

मग एका नवरीचा मेकअप करता करता माझ्या हातातला ब्रश खाली पडला. मी "मनमाया, धर" म्हणायला गेले आणि काहीच म्हणाले नाही.

मेंदूच्या देठाशी रक्ताची गुठळी अडकली होती. डॉ. निवेदिता मगदूम यांनी मला ते फार साध्या भाषेत समजावलं. आपण बोलतो तेव्हा मेंदूतली एक पट्टी जीभ, ओठ, घसा यांना हुकूम सोडते. माझे हुकूम सुटत होते, पण पोचत नव्हते, कारण वाटेतला पूल पडला होता. म्हणजे आत मी पूर्वीसारखीच बडबडत होते आणि बाहेर चिडीचूप. मानेखालचंही बरंचसं गेलं. डावा हात थोडा राहिला आणि मान राहिली. डॉक्टरांनी त्या पट्टीवर पोस्टाच्या तिकिटाएवढी एक जाळी बसवली. ही जाळी हुकूम तिथल्या तिथेच वाचते आणि गळ्यातल्या स्पीकरला बोलायला लावते. स्पीकर मंगळसूत्राच्या वाटीहून थोडा मोठा. आवाज मात्र माझाच, गिऱ्हाइकांना पाठवलेल्या माझ्या व्हॉइस मेसेजमधून काढलेला. त्या मेसेजमधलं एक वाक्यसुद्धा सरांच्या शुद्धतेत बसलं नसतं. यंत्रानं आवाज ठेवून घेतला आणि बोलणं टाकून दिलं.

ते का, हेही डॉक्टरांनीच सांगितलं. मेंदूचे हुकूम पुसट असतात. 'प' म्हणायचंय की 'ब', हे जाळीला धड कळत नाही. म्हणून तिच्या मागे एक भाषायंत्र असतं. ते मागचे शब्द बघून पुढच्याचा अंदाज बांधतं, नवरा-बायको एकमेकांची वाक्यं पुरी करतात तसं. एका भाषेत हा अंदाज जवळजवळ चुकत नाही. पण "ब्लीचवालीला वेटिंगला बसव" हे वाक्य आलं की पंचाईत. प्रत्येक पावलाला दोन कोश उघडायचे, वर इंग्रजी शब्दाला मराठी शेपूट, आणि अंदाज कोलमडतात. म्हणून यंत्राला दोन रीती ठेवलेल्या. एक मिश्र, एक एकभाषा. एकभाषेत कोशाबाहेरचा शब्द आला, तर यंत्र आजूबाजूला बघून त्याचा अर्थ लावतं आणि जवळात जवळचा मराठी शब्द बोलून मोकळं होतं. ते मराठी शिकलं होतं पाठ्यपुस्तकं, परिपत्रकं आणि अग्रलेख वाचून. आपण बोलतो ते कुणी लिहून ठेवत नाही, मग यंत्राला ते मिळणार कुठून?

सुरुवातीला मला मिश्र रीतच दिली होती. यंत्र चुकायचं, भलतंच बोलायचं, आणि आम्ही हसायचो. एका दुपारी सर मला पेज भरवत होते. एक घास चुकीच्या वाटेनं गेला. मी आतल्या आत ओरडत होते, "सक्शन लावा, श्वास अडकलाय." स्पीकरमधून दोन्ही भाषांचे तुकडे आले, एकाचा दुसऱ्याला मेळ नाही. सरांना वाटलं, मी नेहमीसारखी त्यांची थट्टा करतेय. ते हसले. माझे ओठ निळे पडायला लागले तेव्हा त्यांचं हसू थांबलं.

वाचले मी. हॉस्पिटलातून घरी येण्याआधी डॉक्टरांनी सरांना विचारलं आणि सरांनी एकभाषा निवडली. या यंत्राचा शब्द बँकेत आणि कोर्टातही माणसाचा शब्द म्हणून धरतात. त्यामुळे रीत बदलायची तर घरचा पालक आणि डॉक्टर दोघांची मंजुरी लागते, रीतीवर कुलूपच असतं, पेशंटला स्वतःला ते काढता येत नाही. सरांच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं. हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते.

तर अशी मी शुद्ध झाले.

पहिले काही दिवस मजा होती. "केशस्नान घेणार का?" विचारलं की बायका पोट धरून हसायच्या. कुणीतरी माझा व्हिडिओ काढून टाकला आणि सांगलीहून, जयसिंगपूरहून बायका यायला लागल्या, केस कापायला कमी आणि मला ऐकायला जास्त. धंदा वाढला. मी कोपऱ्यात व्हीलचेअरवर बसून सूचना द्यायची आणि मनमाया राबायची. माझी ती एकच उपयोगाची गोष्ट उरली होती, बोलणं, आणि तेच लोक तिकीट न काढता बघायला येत होते.

खरी अडचण फटीची होती. माझा जुना शब्द मी पाठवला की यंत्राला तो बदलायला वेळ लागायचा. फार नाही, आवंढा गिळण्याएवढा. पण बायकांच्या गप्पांत एवढी फट कोण ठेवतं? माझा शब्द बाहेर येईपर्यंत विषय पुढे गेलेला असायचा. आणि थट्टा तर वेळेवरच लागते, उशिरा आलेली थट्टा म्हणजे निव्वळ अपमान. यंत्राच्या पसंतीचा शब्द पाठवला की फट पडायची नाही. मग मी तसेच शब्द पाठवायला लागले. 'ब्लीच' सोडून 'उजाळा', 'टाइम' सोडून 'अवधी'. नुसतं चारचौघींत राहता यावं, म्हणून.

फेब्रुवारीत इथल्या भाषाप्रेमी मंडळानं माझा सत्कार ठरवला. सरांना केवढा आनंद. बिनड्रायव्हरच्या रिक्षातून आम्ही तिघं हॉलवर गेलो. मनमायानं माझा मेकअप केला, केसांत गजरा माळला. स्टेजवर मला शाल दिली, नारळ माझ्या मांडीवर ठेवला आणि अध्यक्ष माझ्याविषयी बोलले. आजाराला संधी मानून या भगिनीनं आपली वाणी निर्मळ केली, असं काहीतरी. मी केली? मला राग आला. माईक माझ्या गळ्याशी आणला तेव्हा मी म्हणायला गेले, "अहो, मी काहीही केलेलं नाही. हा सगळा फालतूपणा आहे. मला बोअर झालंय, घरी सोडा."

हॉलमध्ये माझा आवाज घुमला. "मी काहीही केलेले नाही. हा सारा निरर्थक खटाटोप आहे. मला कंटाळा आला आहे, मला घरी पोहोचवावे."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. केवढा हा विनय, आणि विनोदबुद्धीही शाबूत, असं पहिल्या रांगेतलं कुणीतरी म्हणालं. मी पुन्हा म्हणाले, मला खरंच घरी जायचंय. यंत्रानं तेही सुरेख करून सांगितलं. पुन्हा टाळ्या. अर्थ सगळा बरोबर पोचत होता आणि तरी मी म्हणून काही पोचत नव्हतं. मी सरांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते, अभिमानानं. त्या क्षणी मला त्यांचा पहिल्यांदा तिरस्कार वाटला, आणि मानेखाली जवळजवळ काहीच हलत नसताना माणसाला पळून जावंसं किती वाटतं, तेही कळलं.

घरी आल्यावर मनमाया माझ्या केसांतल्या पिना काढत होती. मी तिला म्हणाले, "आज तू अतिशय परिश्रम घेतलेस."

"हजुर," ती म्हणाली.

हजुर हे नेपाळीत मोठ्या माणसांना म्हणतात, साहेबांना, पाहुण्यांना. मला ती दिदी म्हणायची. मी तिला विचारलं, असं का? ती जरा घुटमळली.

"दिदी, राग नको. तुम्ही आता बँकेच्या फोनवाली बाई बोलते ना, तसं बोलता. मला कळतं सगळं. पण तुम्ही ओरडलात की मला ओरडल्यासारखं वाटत नाही. तुम्ही चांगलं म्हटलं की चांगलं वाटत नाही. मग तोंडातून आपोआप हजुर येतं." थोडं थांबून ती म्हणाली, "माझी आमा पण तसंच म्हणते मला."

मग तिनं ते सांगितलं. तिच्या फोन कंपनीनं नेपाळच्या स्वस्त कॉलला एक नवी सोय जोडली होती, वाचेची सफाई. त्या सोयीत आणि माझ्या यंत्रात भाषायंत्र एकाच जातीचं. मनमाया इकडून बोलायची, "आमा, आज ड्युटी लेट भयो, सॉरी," आणि तिकडे डोंगरात तिच्या आईला ऐकू जायची धुऊन-पुसून कोरी केलेली नेपाळी, लेकीच्या आवाजात. आईनं एक दिवस म्हटलं, "तँ त रेडियो जस्तो बोल्न थालिस्." तू तर रेडिओसारखी बोलायला लागलीस. सफाई नको असेल तर महागडा कॉल घ्यावा लागायचा.

"मग?" मी विचारलं.

"मग मी आता फोटो पाठवते," मनमाया म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी सरांना सांगायचं ठरवलं. ते माझ्याजवळ बसून पेपर वाचत होते. मला म्हणायचं होतं, "अहो, प्लीज ते लॉक काढा. मला माझ्यासारखं बोलू द्या." बाहेर आलं, "कृपया हे कुलूप काढावे. मला माझ्या पद्धतीने बोलण्याची अनुमती असावी."

ऐकून माझं मलाच कसंतरी झालं. बायको नवऱ्याशी बोलतेय की कुणी तहसीलदाराकडे अर्ज करतंय?

सरांनी पेपर घडी करून ठेवला. 

"तू गुदमरत होतीस आणि मी हसत होतो, मेघना. ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. मला पुन्हा तसं व्हायला नकोय."

"मी सावध राहीन. धोक्याच्या वेळी शुद्धच बोलेन."

"धोक्याच्या वेळी शुद्ध कोण बोलतं?" ते म्हणाले. मग माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाले, "आणि खरं सांगू? किती छान बोलतेस तू आता."

यातलं पहिलं कारण खरं होतं आणि दुसरंही खरं होतं. मला भांडायचं होतं. मला त्यांना चार खरमरीत शब्द सुनवायचे होते, आणि ते कुठल्या भाषेतले असतील याची मला फिकीर नव्हती. पण या यंत्राला वरची पट्टीच नाही. मी आत आकांत केला आणि स्पीकर म्हणाला, "मी आपल्यावर अत्यंत रुष्ट आहे." सरांच्या ओठांवर पुसटसं हसू आलं. त्यांनी ते दाबलं, पण मी पाहिलं. मी डोळे मिटून घेतले. डोळे मिटणं तेवढं माझ्या हातात होतं.

त्यानंतर मी मागणं सोडून दिलं. बोलायची तेवढं बोलायची, शुद्ध, पटकन, चूक न करता. घरात शांतता आली. पेला मागितला की पेला मिळायचा. सर तो लगेच देत आणि मग उगाच थोडा वेळ तिथेच उभे राहत. आमच्यात भांडायला काही उरलंच नव्हतं.

उन्हाळ्यात तपासणी झाली. डॉ. मगदूम यांनी स्क्रीनवरची एक रेघ मला दाखवली, वरून खाली उतरत गेलेली. "ही यंत्राला कराव्या लागलेल्या दुरुस्त्यांची रेघ. बघा, आता जवळजवळ काही नाही. तुमचा मेंदू यंत्राशी फार सुंदर जुळलाय," त्या म्हणाल्या. मला बरं वाटलं. शाळेत कधी पहिला नंबर आला नव्हता, इथे आला. मनमाया मला बाहेर घेऊन आली आणि सर मात्र आत बराच वेळ डॉक्टरांशी बोलत राहिले. औषधांविषयी असेल, असं मला वाटलं.

त्यानंतर घरातली माणसं विचित्र वागायला लागली. एका सकाळी सर दाढी करता करता म्हणाले, "मेघना, आज मूड कसा आहे?" मी चमकले. सरांच्या तोंडी हा शब्द मी जन्मात ऐकला नव्हता. वयामुळे माणूस ढिला पडतो, असं मनात आलं.

"मनःस्थिती म्हणावे," मी म्हणाले.

ते आरशातून माझ्याकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "चहा स्ट्राँग झालाय का?" मी म्हणाले, "कडक." मनमायाचंही तेच. गिऱ्हाईक नसलं की माझ्यासमोर बाटल्या नाचवायची. "दिदी, हे काय? एकदा बोला ना. एकदाच." मी सांगायची, उजाळा. ती दुसरी बाटली उचलायची, मी तिचंही नाव सांगायची, आणि तिचा चेहरा उतरायचा. मला वाटलं, ती माझी टर उडवतेय. मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. आधीच कोंडलेल्या माणसाच्या दारावर टिचक्या मारून त्याची मजा बघावी, तसं मला ते वाटत होतं, आणि तेही माझ्या दोघा जवळच्या माणसांनी.

एका रविवारी दुपारी सर मला भरवत होते. मऊ भात, वरण. मनमाया ओट्याशी उभी होती. सरांनी चमचा उचलला आणि तसाच धरून ठेवला.

"काय झाले?" मी विचारलं.

"मेघना, कुलूप काढलंय."

"कोणते कुलूप?"

"यंत्राचं. तुझं." ते म्हणाले. "मागच्या तपासणीलाच काढलं. मी डॉक्टरांना सांगितलं, चुका होऊ देत, मी डोळ्यांत तेल घालून बसेन. तुला सांगितलं नाही. म्हटलं, एक दिवस तूच काहीतरी बोलशील, मला टोमणा मारशील, तेव्हा कळेल तुला. रोज वाट बघतोय. मूड म्हणालो, स्ट्राँग म्हणालो. तू माझंच बोलणं सुधारत बसलीस."

मी मनमायाकडे पाहिलं. तिनं मान हलवली. तिला माहीत होतं.

"मला तुझ्याशिवाय करमत नाही गं," सर म्हणाले. घरात मी त्यांच्यासमोर बसलेली असताना ते असं म्हणाले. "काहीतरी बोल. काहीही. पूर्वीसारखं."

मी बोलायला गेले. मला त्यांना सांगायचं होतं की हे असलं मनाला लावून घेऊ नका. त्यासाठी आमच्या घरात, पार्लरमध्ये, साऱ्या मिरजेत एक शब्द होता, रोजचा, दिवसातून कितीदा तरी म्हटलेला. मला माहीत होतं की तो आहे. मी त्याच्याकडे हात लांबवला आणि हाताला 'चिंता' लागली. पुन्हा लांबवला, 'काळजी' लागली. 'ताण' लागला. यंत्र तयार होतं, वाट मोकळी होती, कुणी अडवत नव्हतं. मी आत शोधत राहिले आणि स्पीकर गप्प राहिला. चमच्यातला भात गार झाला.

"नाही सापडत," अखेर मी म्हणाले.

डॉ. मगदूम नंतर म्हणाल्या की असं होऊ शकतं. मेंदूला श्रम आवडत नाहीत. ज्या वाटेनं गेल्यावर आवाज लगेच मिळतो ती वाट तो रुंद करतो, आणि जिथे थांबावं लागतं त्या वाटेवर गवत माजतं. ती खाली उतरणारी रेघ म्हणजे तेच होतं. परत शिकता येईल का, असं सरांनी विचारलं. शिकता येईल, डॉक्टर म्हणाल्या, शिकता काहीही येतं.

म्हणून आता रोज दुपारी आमचा वर्ग भरतो. सर खुर्ची ओढून समोर बसतात, आणि जे शब्द त्यांनी आयुष्यभर खोडले ते मला एकेक करून शिकवतात. मनमाया केस कापता कापता मधूनच एखादा शब्द पुरवते, गिऱ्हाइकंही हौसेनं भर घालतात. मी ऐकते आणि परत म्हणते. हे सगळं सांगताना जे इंग्रजी शब्द मी पेरले, ते असेच त्यांच्याकडून उसने घेतलेले आहेत. कुठे काय बसतं, हे मला सर सांगतात. तेव्हा काय म्हणाले होते, तेही त्यांनाच आठवतं.

त्या पहिल्या दुपारी, भात गार झाला तेव्हा, त्यांनी ताट बाजूला ठेवलं, पुढे वाकले आणि म्हणाले, "टेन्शन. म्हण, मेघना. टेन्शन घेऊ नका."

"टेन्शन घेऊ नका," मी म्हणाले. यंत्र जराही अडखळलं नाही. प्रत्येक अक्षर सुटं आणि स्वच्छ आलं, बाराखडी म्हटल्यासारखं.

"शाब्बास," सर म्हणाले, आणि मग दोघांनाही एकमेकांकडे बघवेना.